केस लागली म्हणजे नेमकं काय होतं?



गेल्या महिन्यात आपल्या तरुण मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक साधा प्रश्न आला आणि दोन दिवस ग्रुप पेटला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं होतं, "कोळशासाठी जंगल तोडतात त्याच्या विरोधात फूलबागेवर धरणं आहे. मैत्रिणी चालल्या आहेत. मी जाऊ का?" विषय जंगलाचा होता, पण जंगलावर कुणी बोललंच नाही. सगळे बोलले ते पोलीस केसवर. एक दादा म्हणाला, नाव एकदा थान्यात गेलं की पासपोर्ट विसर. एक मावशी म्हणाल्या, प्लेसमेंटच्या वेळी कंपनीवाले सगळं खोदून काढतात. एका काकांचा सल्ला त्यातल्या त्यात व्यवहारी होता: जा, पण फोटोत येऊ नकोस.

मी वकील नाही. बी.ई. झालो आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सवय एवढीच की कुणी "सिस्टम असं करते" म्हणालं तर आधी मॅन्युअल उघडून बघायचं. ग्रुपवरच्या पन्नासेक मेसेजमध्ये कायद्याचं एकही कलम नव्हतं. म्हणून या वेळचं सदर त्यावर. तेल, गॅस आणि कोळशाच्या प्रकल्पांना विरोध करणाऱ्यांना आपल्याकडे कायद्याने नेमकं काय भोगावं लागतं? वाचताना मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो. खटला पूर्ण चालला, गुन्हा शाबित झाला आणि शिक्षा झाली, अशी उदाहरणं फार थोडी दिसली. निकालाच्या आधीच जे भोगावं लागतं त्याची मात्र रांग लागली आहे.

सुरुवात कोकणापासून करू. आपल्यापैकी कित्येकांची कुलदैवतं तिकडे आहेत, आणि हे प्रकरण आपल्याच भाषेत घडलेलं आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी तिथे वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी उभारायचं ठरवलं. सौदी अरामको आणि अबू धाबीची ॲडनॉक भागीदार म्हणून आल्या. खर्चाचा आकडा ३ लाख कोटी रुपये. पहिली जागा नाणारची. तिथे विरोध इतका झाला की मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातली बारसूची जागा सुचवली. सत्तेतून गेल्यावर मे २०२३ मध्ये तेच बारसूला जाऊन आंदोलकांच्या बाजूने बोलले. राजकारणावर एवढंच लिहितो, ग्रुपवर पुन्हा आग नको.

एप्रिल २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी ड्रिलिंगची यंत्रं आली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यात बारसूचं नाव आहे. यंत्रांच्या गाड्या येऊ नयेत म्हणून बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. २५ एप्रिलला शंभराहून जास्त जणांना पोलिसांनी ताब्यात घेतलं, त्यात बहुसंख्य बायका. २८ तारखेला अश्रुधूर आणि लाठ्यांच्या बातम्या आल्या, स्थानिक खासदार विनायक राऊत यांनाही ताब्यात घेतलं गेलं.

टीव्हीवर हे सगळं दिसलं. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते टीव्हीवर न दिसलेलं. यंत्रं यायच्या आधीच परिसरात जमावबंदी लागली होती. आंदोलनातल्या पुढच्या फळीच्या लोकांवर तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही असे आदेश निघाले, मुदत ३१ मे पर्यंत. काहींना त्याच्या काही महिने आधी तडीपारीच्या नोटिसा आल्या होत्या. म्हणजे ज्या मातीसाठी भांडण, ती माती तपासली जाते तेव्हा तिथल्याच माणसाने तालुक्याबाहेर राहायचं. यातल्या कुणावर तेव्हा गुन्हा शाबित झालेला नव्हता. तशी गरजच नसते, कारण या आदेशांना गुन्हा लागत नाही, "गुन्हा होईल असं वाटतं" एवढं पुरतं.

ही यंत्रणा कशी चालते ते समजून घेण्यासारखं आहे. आपण ज्याला १४४ म्हणत आलो ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम १६३ झालं. आकडा बदलला, मजकूर जवळजवळ तोच. जिल्हाधिकारी किंवा प्रांत, म्हणजे आपल्या भाषेत एसडीएम, लेखी आदेश काढतो. मुदत जास्तीत जास्त दोन महिने, राज्य सरकारने ठरवलं तर आणखी सहा. आदेश मोडला तर पूर्वी कलम १८८ खाली साधारण एक महिन्याची कैद होती, जिवाला धोका झाला तर सहा महिने. नव्या न्याय संहितेत तेच कलम २२३ आहे आणि कैद वाढून अनुक्रमे सहा महिने आणि एक वर्ष झाली आहे. हा बदल पेपरात फारसा गाजला नाही, पण धरणं धरणाऱ्या माणसाला तो लागू पडतो.

दुसरं हत्यार, जुनं १५१, नवं १७०. "हा माणूस दखलपात्र गुन्हा करणार आहे" असं पोलिसाला वाटलं तर वॉरंटशिवाय अटक, पण २४ तासांच्या वर नाही. तिसरं, जुनं १०७ आणि नवं १२६. यात तुमच्याकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, एक वर्षापर्यंतचा. त्यासाठी तारखांना हजर राहावं लागतं. गावातल्या माणसासाठी तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि वकिलाची फी. तुरुंगाचं नाव कुठेच नाही, तरी शिक्षा चालूच.

सुप्रीम कोर्टाने याला आवर घातलेला आहे, तेही सांगायला हवं. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला कोर्टाने म्हटलं की १४४ चा वापर रास्त मतप्रदर्शन किंवा गाऱ्हाणं दाबण्यासाठी करता येणार नाही, आणि असे आदेश जाहीर केले पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल. निकाल चांगला आहे. पण दोन महिन्यांच्या आदेशाला आव्हान द्यायला हायकोर्टात जायचं, तिथे सुनावणी लागायची, तोवर मुदत संपते आणि ड्रिलिंगही आटोपतं. आमच्या धंद्यात याला म्हणतात की बग दुरुस्त झाला, पण रिलीज आधीच गेली.

बारसूबद्दल लिहिताना पत्रकार शशिकांत वारिशे यांचं नाव टाळता येत नाही. ते रिफायनरीबद्दल सातत्याने लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात त्यांच्या दुचाकीला एका मोटारीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याच सकाळी त्यांची बातमी छापून आली होती. मोटार चालवणारा, जमिनीच्या व्यवहारातला आणि प्रकल्पाचा समर्थक असलेला माणूस खुनाच्या आरोपाखाली अटकेत गेला. हे मी कायद्याच्या हिशोबात धरत नाही. पण राजापूरचा माणूस आंदोलनाला जायचं की नाही हे ठरवताना हेही त्याच्या मनात असतं.

हे सगळं नवीन आहे असं वाटत असेल तर पंचवीस वर्षं मागे, त्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात जाऊ. एन्‍रॉनचं नाव आपल्या आईवडिलांना आठवत असेल. अमेरिकेची ही कंपनी दाभोळ पॉवर कंपनीच्या नावाने २१८४ मेगावॉटचा वीज प्रकल्प उभारत होती, आधी नाफ्था आणि मग आयात केलेला गॅस जाळून. १९९७ मध्ये तिथल्या गावांनी विरोध केला तेव्हा वापरलेली कलमं बघितली तर बारसूची नक्कल वाटावी: जमावबंदी, प्रतिबंधक अटक, मुंबई पोलीस कायद्याचं ३७ आणि १३५. मेधा पाटकर आणि मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्यावरही बंदीचे आदेश निघाले. ज्याने आयुष्यभर कायदा चालवला त्या माणसालाही भाषण करू नका म्हणून सांगायला कायदाच पुरला.

३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूर या कोळी गावात पोलीस शिरले. बरेचसे पुरुष मासेमारीला समुद्रावर होते. घरांतून बायकांना ओढून काढलं, मारलं, गाड्यांत घातलं. त्यात एक गरोदर बाई होती. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये यावर अख्खा अहवाल काढला. त्यातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी जे राज्य राखीव दल ठेवलं होतं त्याचा खर्च कंपनी देत होती. पोलीस सरकारचे, अधिकार सरकारचा आणि बिल कंपनीच्या नावावर. यात बेकायदा काही नव्हतं असं सांगितलं जायचं. नसेलही. पण अशा पोलिसाने काढलेल्या "शांतता भंग होण्याची शक्यता" या अंदाजावर गावकऱ्याने किती विश्वास ठेवायचा?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्‍रॉन दिवाळखोर झाली. गावकरी ज्या कराराला विरोध करत होते तो तोट्याचा आहे हे राज्य सरकारनेही मग मान्य केलं. पण एन्‍रॉन बुडाली म्हणून कोळणींच्या त्या पहाटेची नोंद कुणी पुसली नाही.

आता आपल्या राज्यात येऊ. पडावच्या पुलाखालून रोज मालगाड्या जातात, त्यातल्या कित्येकांत कोळसा असतो. मध्य प्रदेशातल्या कोळशाचं मोठं केंद्र सिंगरौली, आपल्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एनटीपीसीचं विंध्याचल वीज केंद्र तिथेच आहे, ४७६० मेगावॉट, देशातलं सगळ्यात मोठं, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच राज्याला मिळतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आपण ज्याच्या जोरावर कूलर आणि एसी लावतो, ती वीज काही अंशी तिथली. मी ती वापरतो, तुम्हीही वापरता. म्हणून कोळशाविरुद्ध बोलण्याचा हक्क जातो असं मला वाटत नाही, पण तिकडच्या माणसाला काय पडतं हे माहीत असलं पाहिजे.

सिंगरौलीत महानचं जंगल आहे. तिथली कोळसा खाण २००६ मध्ये एस्सार आणि हिंडाल्को यांना मिळाली. अमिलिया आणि आसपासच्या गावांनी महान संघर्ष समिती केली. वनाधिकार कायद्याखाली ग्रामसभेची संमती लागते. ६ मार्च २०१३ च्या ग्रामसभेचा जो ठराव पुढे आला त्यावर मेलेल्या माणसांच्याही सह्या आहेत अशी गावकऱ्यांची तक्रार होती. बनावट सह्यांची तक्रार एका बाजूला राहिली आणि अटका झाल्या त्या विरोध करणाऱ्यांच्या. २०१४ मध्ये रात्री येऊन कार्यकर्त्यांना उचललं गेलं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत एस्सारच्या इमारतीवर ग्रीनपीसच्या लोकांनी भलामोठा फलक सोडला तेव्हा कंपनीने ५०० कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला.

हा ५०० कोटींचा आकडा बघा. गावकऱ्याकडून ५०० कोटी वसूल होणार नाहीत हे दावा लावणाऱ्याला ठाऊक असतं. हेतू वसुलीचा नसतोच, तारखांचा असतो. अमेरिकेत अशा दाव्यांविरुद्ध कित्येक राज्यांत खास कायदे आहेत. आपल्याकडे असा कायदा नाही. अमेरिकेतही तो सगळीकडे कामाला येत नाही: नॉर्थ डकोटात एका तेलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनावरून मार्च २०२५ मध्ये ज्युरीने ग्रीनपीसवर ६६ कोटी डॉलरच्या घरात भरपाई लावली, नंतर न्यायाधीशांनी ती जवळजवळ निम्मी केली. त्या राज्यात तसा कायदा नाही.

महानमधूनच आपल्या ग्रुपवरच्या पासपोर्टच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लै तिथल्या गावांबरोबर काम करत. ब्रिटनमधल्या खासदारांना महानबद्दल सांगायला त्या ११ जानेवारी २०१५ ला दिल्लीहून लंडनला निघाल्या. व्हिसा होता, तिकीट होतं. विमानतळावर इमिग्रेशनने थांबवलं आणि पासपोर्टवर "ऑफलोड" शिक्का मारला. त्यांच्या नावाने लुकआउट सर्क्युलर निघालं होतं. सरकारचं म्हणणं, परदेशात जाऊन देशाची प्रतिमा खराब होईल. दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजीव शकधर यांनी १२ मार्च २०१५ ला ते सर्क्युलर रद्द केलं आणि पासपोर्टवरचा शिक्का काढायला लावला. सरकारच्या विकासाच्या धोरणाशी असहमत असणं हा देशद्रोह नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. महानचा परवाना त्याआधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने देशभरातले २०४ कोळसा पट्टे रद्द केले त्यात गेला होता. पुढच्या वर्षी ही खाण लिलावात ठेवणार नाही असं सरकारनेच जाहीर केलं.

म्हणजे प्रिया पिल्लै जिंकल्या. लंडनची बैठक मात्र १४ जानेवारीला होती.

आता दादाच्या "पासपोर्ट विसर" वर. पासपोर्ट कायदा १९६७ चा आहे. त्याचं कलम ६(२)(फ) म्हणतं की अर्जदारावर भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. शब्द नीट वाचा: कोर्टात प्रलंबित. नुसती एफआयआर झाली, तपास चालू आहे, कोर्टाने अजून दखल घेतलेली नाही, तर तो खटला प्रलंबित धरता येत नाही, असं अनेक हायकोर्टांनी सांगितलं आहे. आणि खटला खरोखर प्रलंबित असला तरी दार बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्राची अधिसूचना आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्याची परदेशी जायची परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो, कोर्टाने लिहिलेल्या मुदतीचा, मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचा. पासपोर्ट जातो असं नाही, तो दर वर्षी मागावा लागतो. एकच गोष्ट कधीही करू नये, ती म्हणजे फॉर्ममध्ये खटला लपवणं. माहिती दडवणं हा त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे, आणि धरण्याच्या केसपेक्षा तोच महागात पडायचा.

एक गंमत. परदेशी जाणं हा जगण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे हे आपल्याकडे ठरलं ते पासपोर्टवरूनच. मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ मध्ये सरकारने कारण न देता जप्त केला, त्यावर सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा निकाल आहे. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो, आपण इंजिनिअर मात्र पासपोर्टला फक्त तात्काळ आणि साधा एवढंच ओळखतो.

मावशींच्या प्लेसमेंटच्या भीतीत मात्र तथ्य आहे, आणि हे माझ्या धंद्यातलं असल्याने जरा जास्त लिहितो. सुप्रीम कोर्टाने ७ सप्टेंबर २०१६ ला सांगितलं की संवेदनशील प्रकरणं सोडून प्रत्येक एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर चढवावी. आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते कळावं म्हणून. हेतू चांगला. ई-कोर्ट्सवर नावाने खटले शोधता येतात, तीही सोयच. पण नोकरी देणाऱ्या कंपन्यांसाठी पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सी हेच डेटाबेस चाळतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये "जमावबंदी मोडली" आणि "मारामारी केली" या दोन ओळी सारख्याच लाल रंगात येतात. खटला काढून घेतला, सुटका झाली, तरी नोंद सहज पुसली जात नाही. तपासणाऱ्याला संदर्भ कळावा असा रकानाच त्यात नसतो. हा दोष कायद्याचा कमी आणि आम्ही बांधलेल्या सिस्टमचा जास्त आहे. अशा वेळी जवळ कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत असली आणि एचआरला स्वतःहून आधी सांगितलं तर प्रकरण बरंच सोपं होतं.

खटले काढून घेण्यावरून आठवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात सरकार बदललं आणि डिसेंबरमध्ये नव्या सरकारने नाणार आणि आरेच्या आंदोलकांवरचे खटले मागे घेण्याची घोषणा केली. लोकांना वाटतं, घोषणा झाली म्हणजे केस संपली. तसं नसतं. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची, तेव्हा कुठे ती संपते. शिवाय मला ही पद्धतच पटत नाही. एका सरकारने लावायची, दुसऱ्याने मेहेरबानी म्हणून काढायची, आणि केस मुळात योग्य होती का, हे कुणीच ठरवायचं नाही.

तडीपारीला आपल्याकडे जिलाबदर म्हणतात. निवडणूक आली की ग्वाल्हेरच्या पेपरात रोज यादी असते, आणि आपण गुंडांची यादी म्हणून पान उलटतो. मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियम १९९० खाली कलेक्टर हा आदेश काढतो, एक वर्षापर्यंतचा. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात बेकायदा जंगलतोडीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या एका आदिवासी कार्यकर्त्याला जानेवारी २०२४ मध्ये असंच एक वर्षासाठी जिलाबदर केलं. प्रकरण कोळशाचं नाही, पण हत्यार तेच. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या हायकोर्टाने तो आदेश चुकीचा ठरवून रद्द केला, वर सरकारला ५० हजार रुपये खर्च भरायला लावला. तारखा पुन्हा बघा. आदेश एक वर्षाचा आणि न्यायही एक वर्षाने. सुप्रीम कोर्टानेही जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये म्हटलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, जपून वापरा. घराबाहेर काढलेल्या माणसाने वर्षभर कुठे राहायचं, काय खायचं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

ज्यांची मुलं लंडनला शिकतात त्यांनी तिकडचंही ऐकून ठेवा, कारण तिकडे उलट आहे. तिकडे निकाल लागतो आणि शिक्षाही होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीचा एम-२५ हायवे अडवण्याचा बेत झूमवरच्या मीटिंगमध्ये केला म्हणून जुलै २०२४ मध्ये जस्ट स्टॉप ऑइलचे रॉजर हॅलम यांना पाच वर्षं आणि आणखी चौघांना प्रत्येकी चार वर्षं तुरुंग झाला. मार्च २०२५ मध्ये अपिलात काही शिक्षा कमी झाल्या, हॅलम यांची चार वर्षं झाली. २०२२ च्या त्यांच्या नव्या कायद्यात सार्वजनिक उपद्रवाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. आणि परदेशी विद्यार्थ्याला शिक्षेबरोबर व्हिसाचीही काळजी असते.

हायवे अडवणं मला स्वतःला आवडत नाही. पडावच्या चौराह्यावर अर्धा तास जाम लागला तर स्टेशनची गाडी चुकते, ॲम्ब्युलन्स अडकते, आणि अडकणारा माणूस कोळसा कंपनीचा मालक नसतो. दगड मारणारा, गाडी जाळणारा याच्यावर केस व्हावी. पण बारसूच्या सड्यावर आडवी झालेली म्हातारी आणि दगड मारणारा, या दोघांना एकाच कलमाखाली एकाच रकान्यात भरलं जातं, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

म्हणून ज्यांना जायचं आहे त्यांनी थोडं माहीत करून जावं. जमावबंदी आहे का ते आधी विचारा, आदेशाची प्रत मागता येते, तो जाहीर करणं बंधनकारक आहे. ताब्यात घेतलं तर अटक आहे का नुसतं बसवून ठेवलंय ते विचारा. अटक असेल तर कारण लेखी आणि तुम्हाला कळेल त्या भाषेत मिळालं पाहिजे, नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं आहे. नातेवाइकांना कळवणं पोलिसांचं काम आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं पाहिजे. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आत बाईला अटक करायची तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी, तेही अपवाद म्हणूनच. न वाचता कशावरही सही करू नका, बाँडवर तर नाहीच. आणि घरी सांगून जा. लपूनछपून गेलेल्या मुलाचा फोन रात्री थान्यातून आला तर आईला जास्त वाईट कशाचं वाटेल ते तुम्हीच ठरवा.

वकिलाच्या पैशांचा प्रश्न असेल तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याखाली सर्व स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. प्रत्येक जिल्हा कोर्टात त्याचं ऑफिस असतं, आणि देशभर चालणारा नंबर १५१०० आहे.